स्वयंपाकाचा वेळ नक्की जातो कुठे?

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. शुक्रवारी संध्याकाळी दादाकडे गेले होते. दादा-वहिनी दोघंही नोकरी करतात, भाची साडेतीन वर्षांची आहे. साडेसात वाजले होते, कुकर अजून लागायचा होता, भाची पेंगुळली होती आणि "आज बाहेरूनच मागवूया का?" हा प्रश्न त्या आठवड्यात तिसऱ्यांदा निघाला होता. पीएचडी करणाऱ्या माणसाला अशा वेळी गप्प बसवत नाही. मी म्हटलं, "वहिनी, वरण-भात-भाजीला चाळीस मिनिटं पुरतात गं. थोडं प्लॅनिंग केलं ना, तर..."

ती ओट्यापाशी कांदा चिरत होती. मान न वळवताच म्हणाली, "करायला चाळीसच मिनिटं लागतात. काय करायचं हे सकाळपासून डोक्यात चालू असतं, त्याचं काय?"

मी गप्प बसले. हॉस्टेलवर परत आल्यावर मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. "स्वयंपाकाला वेळ लागतो" असं आपण म्हणतो तेव्हा नक्की कुठला वेळ मोजतो? याच्यावर संशोधन झालेलं आहे, आणि ते गंमत म्हणजे वेगवेगळ्या विषयांत विखुरलेलं आहे: थोडं रसायनशास्त्रात, थोडं कारखान्यांच्या व्यवस्थापनात आणि बरंचसं समाजशास्त्रात. आजची पोस्ट त्याबद्दल.

आधी आकडे

भारतात लोकांचा वेळ कुठे जातो याचं देशव्यापी सर्वेक्षण राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये केलं. पद्धत साधी आहे. घरी येऊन विचारायचं, काल पहाटे ४ पासून आज पहाटे ४ पर्यंत तुम्ही काय काय केलंत? दिवसाचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्यात काय केलं ते लिहायचं. ६ वर्षं आणि त्यावरच्या सगळ्यांसाठी.

घरच्यांसाठी केलेलं बिनपगारी घरकाम, म्हणजे स्वयंपाक, झाडलोट, धुणं, बाजारहाट वगैरे. त्या दिवशी ते करणाऱ्या बायकांचे सरासरी २९९ मिनिटं त्यात गेले होते, पुरुषांचे ९७ मिनिटं. म्हणजे पाच तास आणि दीड तास. ऐकायला वाईट आहे, पण फार भयानक वाटत नाही, हो ना?

इथे एक खोच आहे. ही सरासरी फक्त "ज्यांनी त्या दिवशी काही घरकाम केलं" त्यांची आहे. बायकांपैकी ८१.२ टक्के त्यात येतात, पुरुषांपैकी फक्त २६.१ टक्के. न करणाऱ्यांनाही हिशेबात धरून सरासरी काढा: बायकांची साधारण २४३ मिनिटं होते आणि पुरुषांची २५. कुठलीही सरासरी वाचताना "कोणाची सरासरी?" हे आधी विचारायचं, हे मी इथे पुन्हा पुन्हा सांगत असते. हे त्याचं नमुनेदार उदाहरण. २०२४ मध्ये हेच सर्वेक्षण पुन्हा झालं, तेव्हा काम करणाऱ्यांची सरासरी २८९ आणि ८८ मिनिटं आली. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं वाचली आणि पुरुषांचीही नऊ. दरी होती तशीच राहिली.

पण अर्ध्या तासाच्या तुकड्यांत वहिनीचं "सकाळपासून डोक्यात चालू असतं" कुठे लिहिणार? त्या वेळी ती बसमध्ये असते, मीटिंगमध्ये असते. तक्त्यात "प्रवास" आणि "नोकरी" असंच पडणार.

म्हणून मी माझ्यापुरती स्वयंपाकाच्या वेळेची तीन घड्याळं केली. पहिलं गॅसचं, दुसरं हाताचं, तिसरं डोक्याचं. तिन्हींचे नियम वेगळे आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लावला की घोटाळा होतो. मी त्या संध्याकाळी तोच केला होता.

पहिलं घड्याळ: गॅसचं

डाळ शिजते म्हणजे काय होतं? डाळीच्या पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या पदार्थाने चिकटलेल्या असतात, विटांमध्ये सिमेंट असावं तशा. उष्णतेने हे पेक्टिन विरघळतं, पेशी सुट्या होतात, आतला स्टार्च पाणी पिऊन फुगतो, आणि डाळ बोटाने दाबली की मऊ लागते. ही रासायनिक क्रिया आहे, आणि तापमान वाढलं की तिचा वेग झपाट्याने वाढतो. ढोबळ नियम असा की दर १० अंशांना वेग साधारण दुप्पट.

उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांच्या वर जात नाही. महाबळेश्वरला तर ९५-९६ लाच उकळतं, कारण उंचीवर हवेचा दाब कमी असतो. कुकरमध्ये वाफ कोंडल्यामुळे दाब वाढतो आणि पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत जातं. वीस अंश जास्त म्हणजे दोनदा दुप्पट, चौपट वेग. उघड्यावर पाऊण तास घेणारी तुरीची डाळ कुकरमध्ये दहा-बारा मिनिटांत होते ती यामुळे.

यातून निघणाऱ्या काही गोष्टी:

एक, गॅस मोठा ठेवल्याने कुकर लवकर शिजत नाही. शिट्टी हा ठरावीक दाबाला उघडणारा झडपेचा दगड आहे. दाब तिथपर्यंत पोचला की आतलं तापमान तिथेच थांबतं. पुढे गॅस मोठा ठेवला तर शिट्ट्या भराभर होतात, डाळ भराभर शिजत नाही. म्हणून "चार शिट्ट्या" हे माप फसवं आहे. पहिल्या शिट्टीनंतर गॅस बारीक करायचा आणि मिनिटं मोजायची. बंद केल्यावरही दाब उतरेपर्यंत आत शिजणं चालूच असतं, त्यामुळे घाईने शिट्टी वर उचलून वाफ घालवणं म्हणजे फुकट मिळालेली मिनिटं सोडून देणं.

दोन, आंबट नंतर. आम्लामध्ये पेक्टिन हट्टी होतं, लवकर सुटत नाही. चिंच, आमसूल, टोमॅटो डाळीबरोबरच कुकरमध्ये टाकले तर डाळ कडक राहू शकते. आपल्याकडे आमटीला चिंच-गूळ शेवटी घालतात, त्यामागे हे रसायन आहे.

तीन, पाणी. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम असतं आणि ते पेक्टिनला आणखी घट्ट बांधतं. "आमच्याकडे डाळच शिजत नाही" ही तक्रार बऱ्याचदा डाळीची नसून पाण्याची असते. शिजवायला पिण्याचं फिल्टरचं पाणी वापरून बघा.

चार, भिजवणं. कोरड्या हरभऱ्याच्या मध्यापर्यंत पाणी पोचायलाच तासनतास लागतात. हे काम रात्रभरात आपोआप होतं, गॅसशिवाय आणि आपल्याशिवाय. गरम पाण्यात भिजवलं तर आणखी लवकर. राजम्याबाबत एक सावधगिरी: त्यात असलेलं एक विषारी प्रथिन नुसत्या कोमट-गरम तापमानाला नष्ट होत नाही. भिजवलेलं पाणी फेकून द्यायचं आणि राजमा नीट खळखळून उकळायचा किंवा कुकरला लावायचा. मंद आचेच्या इलेक्ट्रिक भांड्यात तो थेट टाकू नये.

पण गॅसच्या घड्याळाची खरी गोष्ट ही आहे की त्यातला बहुतेक वेळ आपला नसतो. डाळ शिजते तेव्हा आपण तिथे उभं राहायची गरज नसते. हे घड्याळ कितीही पळवलं तरी वहिनीची तक्रार सुटणार नव्हती.

दुसरं घड्याळ: हाताचं

निवडणं, सोलणं, चिरणं, वाटणं, मळणं, लाटणं, घासणं. इथे आपली हजेरी लागते.

१९१३ मध्ये फोर्ड हॅरिस नावाच्या अमेरिकन इंजिनियरने एक छोटा लेख लिहिला. कारखान्यात एका वेळी किती माल बनवावा? मशीन लावायला, सेट करायला खर्च येतो, मग दहा नग काढा नाहीतर हजार. म्हणजे एकदम जास्त काढलेले बरे. पण जास्त काढले की साठवण्याचा खर्च वाढतो. या दोन खर्चांच्या मधे कुठेतरी योग्य आकडा असतो. त्याचं सूत्र आजही व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात शिकवतात.

स्वयंपाकघरात "मशीन लावण्याचा खर्च" म्हणजे मिक्सर काढणं, भांडं बसवणं, नंतर ते धुणं. दोन चमचे वाटणासाठीही तेवढंच आणि दोन वाट्यांसाठीही तेवढंच. म्हणून भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण एकदम करून लहान डब्यांत फ्रीझरला ठेवणं गणिताने बरोबर आहे. आलं-लसूण, दाण्याचं कूट, हिरवी चटणी, सगळ्यांना हेच लागू.

"साठवण्याचा खर्च" मात्र प्रत्येक पदार्थाचा वेगळा असतो, आणि तो ठरवतात जिवाणू आणि एन्झाइम्स. कूट महिनाभर टिकतं. मळलेली कणीक फ्रीजमध्ये काळपट पडते कारण गव्हातलं एक एन्झाइम हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने रंग बदलतं; वरून तेलाचा हात लावून घट्ट डब्यात ठेवली तर ते मंदावतं. दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, त्यापुढे नको.

भाताची गोष्ट नीट लक्षात ठेवण्यासारखी आहे. तांदळावर एका जिवाणूची बीजं असू शकतात, आणि ती शिजवूनही मरत नाहीत. भात तासनतास बाहेर राहिला की ती उगवतात, आणि त्यांनी तयार केलेलं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणजे उद्याचा फोडणीचा भात करायचा असेल तर आजचा उरलेला भात पसरट ताटात पसरून निववायचा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये टाकायचा. शिळं खाण्यात पाप नाही, पण रात्रभर ओट्यावर राहिलेलं शिळं आणि वेळेत फ्रीजमध्ये गेलेलं शिळं हे दोन वेगळे पदार्थ आहेत.

आणि मळण्याचं काय? १९७० च्या दशकात रेमंड काल्व्हेल या फ्रेंच बेकिंग-तज्ज्ञाने दाखवून दिलं की पीठ आणि पाणी नुसतं कालवून अर्धा तास ठेवलं तर ग्लुटेनचं जाळं आपोआप विणायला लागतं, मळावं कमी लागतं. आपल्याकडे "कणीक मुरू दे" म्हणतात ते याहून फार वेगळं नाही. आल्या आल्या कणीक फक्त कालवायची, झाकायची, हात-पाय धुऊन चहा घ्यायचा, आणि मग दोन मिनिटं मळायचं. हे मी वहिनीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "हे आमच्या आजीला न शिकताच यायचं." बरोबर आहे. मला फक्त कारण माहीत होतं.

तिसरं घड्याळ: डोक्याचं

आता वहिनीच्या मूळ मुद्द्याकडे.

२०१९ मध्ये अॅलिसन डेमिंजर या समाजशास्त्रज्ञ बाईंचा एक शोधनिबंध आला. त्यांनी अमेरिकेतल्या ३५ जोडप्यांतल्या नवरा-बायकोच्या सविस्तर मुलाखती घेतल्या. विषय होता घरकामातलं डोक्याचं काम. त्याचे त्यांनी चार भाग केले: गरज आधीच ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं, आणि झालं की नाही यावर लक्ष ठेवणं.

मराठी घरात भाषांतर करते. "उद्या शाळेत डब्याला कोरडी भाजी लागेल आणि घरात काहीच नाही", हे सुचणं म्हणजे पहिला भाग. "भेंडी आणू, की मटकी भिजवू, की बटाटे आहेत त्याच्या काचऱ्या करू?" हा दुसरा. "चल, मटकी", हा तिसरा. "मटकी भिजवली का? मोड आले का? सुट्टीत खाल्ली का?" हा चौथा.

त्या मुलाखतींत दिसलं असं की निर्णय बऱ्याचदा दोघं मिळून घेतात. पण आधी सुचणं आणि नंतर लक्ष ठेवणं हे दोन्ही टोकांचे भाग प्रामुख्याने बायकांकडे होते. निर्णय हा दिसणारा भाग आहे, त्यामुळे दोघांनाही वाटतं की आपण सगळं वाटून घेतो. आता ३५ जोडपी म्हणजे काही सगळं जग नाही, ती बहुतेक शिकलेली आणि बऱ्या स्थितीतली होती, आणि आपल्या एकत्र कुटुंबांत सासू, जाऊ, आत्या यांचीही गणितं असतात. अशा अभ्यासाचा उपयोग टक्केवारी सांगायला नसतो, एखाद्या गोष्टीला नाव द्यायला असतो. नाव मिळालं की ती दिसायला लागते.

मला दिसली ती दादाच्या एका वाक्यात. तो खरंच मदत करणारा माणूस आहे. नेहमी म्हणतो, "तू सांग ना काय करू, मी करतो." मनापासून म्हणतो. पण "सांगणं" हेच तर काम आहे! पहिला, दुसरा, तिसरा भाग वहिनीने करायचा, मग दादा बटाटे सोलणार, आणि चौथा पुन्हा वहिनीकडे. हाताच्या घड्याळातली दहा मिनिटं वाचली, डोक्याचं घड्याळ चालूच.

यंत्रांनी वेळ का वाचला नाही?

"मग एअर फ्रायर घ्या, डिशवॉशर घ्या" असं कोणी म्हणेल. इथे इतिहासकडे बघायला हवं. १९७४ मध्ये जोअॅन व्हॅनेक यांनी अमेरिकेतले जुने वेळेचे हिशेब तपासले. नोकरी न करणाऱ्या गृहिणी १९२० च्या दशकात आठवड्याला साधारण ५२ तास घरकाम करत होत्या. १९६० च्या दशकात, फ्रीज, वॉशिंग मशीन, गॅस सगळं आल्यावर? साधारण ५५.

रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ च्या आपल्या पुस्तकात यामागची कारणं मांडली. पूर्वी घरातल्या कामात पुरुषांचा आणि मुलांचाही वाटा असायचा: लाकडं फोडणं, धान्य दळून आणणं. चुलीच्या जागी नवा स्टोव्ह आला तशी लाकडं फोडायची कमी झाली, म्हणजे पुरुषाचं काम वाचलं. पण नव्या स्टोव्हवर एकाऐवजी तीन पदार्थ करता येतात म्हटल्यावर बाईचं काम वाढलं. यंत्राने वाचवलेला वेळ अपेक्षांनी खाल्ला.

आपल्याकडेही बघा. पाट्यावर वाटायचं होतं तेव्हा इडलीचा बेत सणासुदीला व्हायचा. मिक्सर आला, आणि "इडली काय, पटकन होते" असं झालं. शिवाय वाचलेल्या वेळेचा मालक कोण, हे कोणी ठरवत नाही. न ठरवलेला वेळ आपोआप पुढच्या कामाला जातो.

आणि एक अवघड गोष्ट. वेळ विकतही घेता येतो. पोळ्यांना मावशी ठेवता येतात, डबा लावता येतो. मी त्याच्या विरोधात नाही. हॉस्टेलवर मी डब्यावरच जगते. पण चार घरच्या पोळ्या लाटून मावशी स्वतःच्या घरी जातात तेव्हा त्यांच्या घरच्या पोळ्या बाकी असतात. क्लेअर व्हिकरी या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९७७ मध्येच मांडलं होतं की गरिबी फक्त पैशात मोजू नये, वेळेतही मोजावी. काही घरांकडे दोन्ही कमी असतं, आणि एकाची भरपाई दुसऱ्याने करायची सोयही नसते. "थोडं प्लॅनिंग करा" हा सल्ला अशा घराला देणं म्हणजे नसलेल्या पैशांची गुंतवणूक कशी करा ते सांगणं.

मग दादाकडे काय झालं?

मी पुढच्या खेपेला माझी तीन घड्याळं कागदावर काढून घेऊन गेले. दादा आधी हसला. मग वहिनीने त्या कागदावर तिच्या त्या दिवसाच्या डोक्याच्या घड्याळातल्या गोष्टी लिहून काढल्या. जिरं संपत आलंय, भाचीला दही नको सर्दी आहे, सोमवारी सासूबाई येणार त्यांना कमी तिखट, कालची अर्धी कोबी वाया जाईल. कागद भरला. दादा बराच वेळ वाचत बसला.

त्यांनी ठरवलं ते असं. कामं वाटायची नाहीत, वार वाटायचे. मंगळवार आणि गुरुवार दादाचे, चारही भागांसकट. जिरं संपलं तर त्यालाच कळायला हवं, भिजत घालायचं त्यालाच आठवायला हवं, आणि वहिनीने विचारायचं नाही. हा शेवटचा नियम पाळायला तिला सगळ्यात जड गेलं, असं ती स्वतः सांगते. पहिल्या तीन गुरुवारी पिठलं-भातच झाला. एकदा मटकी भिजवायची राहिली, मग मुगाची खिचडी. कोणी उपाशी राहिलं नाही.

दुसरं, उरलेल्या वारांचा साचा ठरवला: एक दिवस उसळ, एक दिवस पालेभाजी, एक दिवस थालीपीठ-धिरड्यासारखं काही. हे आपल्याला नवं नाही. जुन्या घरांत उपासाचे वार, मासे न खायचे वार, बाजाराचा वार ठरलेले असायचे. त्यामागची श्रद्धा बाजूला ठेवली तरी एक फायदा होताच: रोज उठून सगळे पर्याय पहिल्यापासून तपासावे लागायचे नाहीत. पाच पर्यायांतून निवडणं आणि पन्नासांतून निवडणं यात फरक आहे.

सगळं छान झालं असं नाही सांगणार. गेल्या आठवड्यात भाची आजारी पडली आणि दोन दिवस बाहेरूनच मागवलं. पण परवा फोनवर वहिनी म्हणाली, "मंगळवारी बसमध्ये खिडकीतून बाहेर बघत बसले. स्वारगेट कधी आलं कळलंच नाही."

कुठल्याही सर्वेक्षणात हा वेळ "प्रवास" म्हणूनच लिहिला जाईल, आधीही तसाच लिहिला गेला असता. तक्ते वाचताना एवढं लक्षात ठेवायचं.

तुमच्या घरी एकदा करून बघा: कोण काय करतं याची यादी नको, कोणाला काय *आठवावं लागतं* याची करा. पुढच्या पोस्टमध्ये फ्रीझरमध्ये अन्नाचं नक्की काय होतं ते बघू. ते माझ्या विषयाच्या जरा जवळचं आहे. आता पळते, कुकरच्या नाही, पण सेंट्रिफ्यूजच्या शिट्टीची वेळ झाली आहे.